गेम स्ट्रीमिंगसाठी ट्विच, यूट्यूब की किक? या स्पर्धेत शेवटी कोण टिकेल आणि एक्सक्लुझिव्ह करार करावा का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. खेळतानाचे थेट प्रक्षेपण, म्हणजे स्ट्रीम, दाखवणाऱ्या ट्विच, यूट्यूब आणि किक यांच्या चढाओढीत कोण टिकेल. प्रेक्षक दरमहा भरतात त्या सबस्क्रिप्शनमधले ९५ टक्के किक स्ट्रीमरला देते, तर तिकडेच का जाऊ नये. आणि दरमहा ठरावीक रक्कम घेऊन एकाच ॲपवर स्ट्रीम करण्याचा जो करार एका एजन्सीने आपल्याला पाठवला आहे, त्यावर सही करावी का. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तसाच करार मी २०२१ साली केला होता. सही करू नका.

मी इंदूरचा. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरून मी २०१९ पासून यूट्यूबवर पबजी मोबाईल या लढाईच्या खेळाचे स्ट्रीम करत असे. घरात बोलणे मराठीत आणि स्ट्रीमवर हिंदीत, कारण पाहणारी मुले इंदूर, उज्जैन, देवास, धार इथली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा मी दहा महिने मिळेल तो खेळ खेळून चॅनेल चालू ठेवले. कधी वीस माणसे असत, कधी पाच. मग २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय, म्हणजे पबजीचीच भारतासाठी काढलेली आवृत्ती, आला आणि त्याच रात्री जुनी मंडळी परत आली. मी त्यांना बोलावायला गेलो नव्हतो. चॅनेल तेच होते, वेळ तीच होती, त्यांच्या फोनवर सूचना गेली आणि ते आले. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत चौदा हजार सबस्क्रायबर झाले होते आणि एका वेळी तीनशे ते साडेतीनशे जण पाहत असत. मोठ्या स्ट्रीमरांपुढे हा आकडा काहीच नाही, परंतु त्यातली निम्मी नावे मला तोंडपाठ होती.

हे प्रेक्षक कसे पाहत असत हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझी वेळ रात्री दहा ते एक. सराफ्यात रात्री खाण्याची दुकाने लागतात, तिथे काम करणारी दोन मुले मोबाईल बाजूला उभा करून हात चालू ठेवत ऐकत असत. बहुतेकांकडे रोजच्या दीड जीबीचे रिचार्ज असे आणि माझ्यापर्यंत येईतो त्यातले थोडेच उरलेले असे, म्हणून ते २४० किंवा ३६० पिक्सेलवर पाहत. मध्येच गिऱ्हाईक आले तर स्ट्रीम सोडत आणि परतल्यावर मागे सरकवून राहिलेला भाग पाहून घेत. यूट्यूब प्रत्येक स्ट्रीमचे लहानमोठ्या दर्जांत रूपांतर करते, मागे सरकवू देते आणि बारा तासांच्या आतला स्ट्रीम संपल्यावर चॅनेलवर ठेवते. मोठ्या पडद्यावर, घरच्या वायफायवर पाहणाऱ्याला या सोयी किरकोळ वाटतील. माझ्या प्रेक्षकांचे पाहणेच त्यांच्यावर अवलंबून होते.

करार आणला तो माझ्या आतेभावाने. तो पुण्यात जाहिरातीच्या क्षेत्रात आहे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि त्याच्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे. दिवाळीत तो आला आणि बैठकीत बसून त्याने बाबांना समजावून सांगितले की एक एजन्सी मला एका नव्या ॲपसाठी दरमहा बावीस हजार रुपये देणार आहे; अट इतकीच की मी महिन्याला एकशे दहा तास स्ट्रीम करायचे आणि वर्षभर दुसरीकडे कुठेही लाइव्ह जायचे नाही. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. मी रात्री माडीवर काय बडबडतो हे त्यांना दोन वर्षे कळले नव्हते, परंतु करार आणि दरमहा रक्कम हे शब्द त्यांना कळले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेसाठी मी सही केली.

जुन्या चॅनेलवर मी दहा दिवस रोज सांगत होतो की आता तिकडे या. पहिल्या रात्री नव्या ॲपवर साठ माणसे होती. मला वाटले हळूहळू येतील. सराफ्यातल्या एका मुलाने मला निरोप पाठवला, ‘भैया, मोबाइल में जगह नहीं है।’ त्याने आपले काही फोटो पुसले, ॲप घेतले, दोन आठवडे आला. मग ॲपचा नवा अपडेट आला, जागा पुन्हा कमी पडली आणि तो दिसेनासा झाला. त्याचा माझ्यावर राग नव्हता आणि प्रेमही कमी झाले नव्हते. तिथे दर्जाचे दोनच पर्याय होते, मागे सरकवता येत नसे आणि जुना स्ट्रीम शोधून सापडत नसे. साडेतीनशे माणसांना त्यांची सवय बदलायला सांगणे म्हणजे काय, हे ना एजन्सीला कळले होते, ना आतेभावाला, ना मला.

त्यानंतर २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआय भारतातल्या दोन्ही ॲप स्टोअरवरून हटवला गेला. एजन्सीने कराराच्या सातव्या कलमाचा आधार घेतला. ज्या खेळासाठी करार केला तो उपलब्ध नसेल तर मासिक रक्कम थांबेल, असे त्या कलमात लिहिले होते. बंधन थांबेल असे मात्र त्यात कुठेच लिहिले नव्हते. म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत पैसे बंद, आणि माझ्या स्वतःच्या चॅनेलवर लाइव्ह जाण्यासही बंदी. मी पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. डिसेंबरमध्ये यूट्यूबवर परतलो तेव्हा तीस-चाळीस जण आले. मे २०२३ मध्ये खेळ परत आला, पण तोपर्यंत रात्री दहाची वेळ त्या मुलांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली होती.

माझा आतेभाऊ आजही म्हणतो की खेळच हटला, त्याला करार काय करणार. या एका वाक्यावर आमचे तीन वर्षे पटलेले नाही, म्हणून इथे नीट मांडतो. खेळ माझ्या हातून दोनदा गेला. पहिल्या वेळी दहा महिने गेला आणि प्रेक्षक एका रात्रीत परतले. दुसऱ्या वेळीही जवळजवळ तितकाच काळ गेला आणि प्रेक्षक परतले नाहीत. खेळ तोच, शहर तेच, स्ट्रीम करणारा तोच. दोन्ही वेळांत फरक एकच होता: पहिल्या वेळी मी जागेवर होतो आणि दुसऱ्या वेळी करारामुळे वर्षभर जागेवर नव्हतो. याला त्याच्याकडे उत्तर नाही.

त्या दिवाळीत तो निन्जाचे उदाहरण देत होता, की जगातला सर्वांत मोठा स्ट्रीमरसुद्धा ट्विच सोडून मायक्रोसॉफ्टकडे गेला. ते उदाहरण पुरते सांगायला हवे होते. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली बीम नावाची सेवा विकत घेतली, २०१७ साली तिचे नाव मिक्सर ठेवले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये निन्जाला ट्विचवरून आणले. ट्विचवर त्याचे १ कोटी ४० लाखांहून अधिक फॉलोअर होते. ते सारे त्याच्यामागे गेले नाहीत. मिक्सरचे तंत्र वाईट नव्हते, उलट एका बाबतीत ते ट्विचच्या पुढे होते: स्ट्रीमर बोलला आणि प्रेक्षकाने ऐकले यांत तिथे एका सेकंदाहूनही कमी अंतर राही. तरीही २२ जून २०२० रोजी कंपनीने घोषणा केली आणि २२ जुलैला मिक्सर बंद झाले. फक्त एक महिना. निन्जा मोकळा झाला आणि सप्टेंबरमध्ये ट्विचवर परतला. त्याचे नाव इतके मोठे होते की तो कुठेही परतू शकत होता. मिक्सरवरच्या लहान स्ट्रीमरांना फेसबुक गेमिंगचा रस्ता दाखवण्यात आला, आणि त्या फेसबुक गेमिंगचे वेगळे ॲपही ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. यूट्यूबनेही २०१५ साली काढलेले यूट्यूब गेमिंगचे वेगळे ॲप २०१९ मध्ये बंद केले, परंतु त्यावरचे चॅनेल मूळ यूट्यूबवर जसेच्या तसे राहिले, म्हणून कुणाचे फारसे बिघडले नाही. आमच्या बैठकीत मिक्सरचे नाव निघाले तेव्हा ते बंद होऊन सव्वा वर्ष उलटले होते.

आता किकच्या ९५ टक्क्यांविषयी. ट्विचने आपल्या बहुतेक स्ट्रीमरांना सबस्क्रिप्शनचा निम्मा वाटा दिला आणि यूट्यूब मेंबरशिप व सुपर चॅट (स्ट्रीम चालू असताना पैसे देऊन पाठवलेला निरोप) यांतले ३० टक्के कापते; त्यांच्या शेजारी ९५ हा आकडा फार उदार दिसतो. हा आकडा परवडतो कसा, हे पाहावे. किकच्या मागे स्टेक या ऑनलाइन जुगाराच्या संकेतस्थळाचे संस्थापक आहेत, आणि ट्विचने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा संकेतस्थळांच्या स्ट्रीमवर बंदी जाहीर केली त्यानंतर थोड्याच काळात किक उभे राहिले. स्ट्रीमरच्या वाट्यातून कमाई करणे हा त्यांचा मुख्य धंदा नाही, म्हणून ते वाटा सोडू शकतात. आपल्याकडे दरमहा सबस्क्रिप्शन भरणारा प्रेक्षक विरळा आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरची आपोआप होणारी मासिक कपातही आधीसारखी सहज होत नाही. शून्याचे पंचाण्णव टक्के शून्यच भरतात. आपला प्रेक्षक देतो तो वीस-चाळीस रुपयांचा सुपर चॅट, तोही यूपीआयने आणि मनात आले तर.

किकने जून २०२३ मध्ये एक्सक्यूसी या ट्विचवरच्या नामवंत स्ट्रीमरला आणले, तेव्हा दहा कोटी डॉलरपर्यंतच्या कराराच्या बातम्या आल्या, आणि त्या बातम्या पाहूनच आपल्यासारख्यांना एजन्सीचे पत्र खरे वाटू लागते. त्या बातमीतली एक ओळ मात्र कुणी पुढे पाठवत नाही: तो करार एक्सक्लुझिव्ह नव्हता. ज्याला एवढी रक्कम मिळाली त्याने ट्विचवर जाण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला, आणि आपण बावीस हजारांसाठी तो लिहून देतो.

कोण टिकेल, याचे उत्तर थोडक्यात देतो. ट्विच २०१४ पासून ॲमेझॉनचे आहे आणि इंग्रजी जगात गेम पाहायचे तर लोक आजही आधी तिथे जातात. भारतात यूट्यूब पुढे आहे, कारण ते बहुतेक फोनमध्ये आधीपासून बसलेले असते. ॲप घ्यायला जागा लागत नाही. ट्विच मोठे आहे म्हणून सुरक्षित आहे, असेही समजू नये: नेटवर्कचा खर्च परवडत नाही असे कारण देऊन त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातली सेवा बंद केली, आणि तिथल्या स्ट्रीमरांना चिझिक व आफ्रिकाटीव्ही या तिथल्याच सेवांकडे जावे लागले. तेव्हा कोण जिंकते यावर पैज लावण्यात अर्थ नाही. ट्विचने ऑक्टोबर २०२३ पासून सर्वांना एकाच वेळी इतरत्रही स्ट्रीम करण्याची मुभा दिली आहे. ट्विचवरचा दर्जा इतरांहून कमी ठेवू नये एवढे पाळावे. ओबीएस या स्ट्रीम पाठवण्याच्या सॉफ्टवेअरला जादा प्लगइन जोडून यूट्यूब आणि ट्विच दोन्हीकडे एकदम जावे आणि वाटल्यास किकही जोडावे. प्रत्येक ठिकाणी ६००० केबीपीएसने (सेकंदाला ६००० किलोबिट) पाठवायचे तर अपलोडचा वेग तितक्या पटीने लागतो, तो आधी मोजून घ्यावा. मी आता जेल रोडच्या बाजारातून सामान आणून इतरांना स्ट्रीमची मांडणी करून देतो आणि प्रत्येकाला हेच सांगतो. मुख्य घर यूट्यूबवर ठेवावे, कारण ट्विचवर एफिलिएटचा, म्हणजे कमाईची पहिली पायरी गाठलेल्या स्ट्रीमरचा, स्ट्रीम चौदा दिवसांनी पुसला जातो.

काही गोष्टी राहिल्या. आपण इंग्रजीत संगणकावरचे खेळ खेळत असाल आणि प्रेक्षक युरोप-अमेरिकेतला हवा असेल, तर ट्विच मुख्य धरणे योग्य ठरेल. माझा अनुभव मोबाईलवरच्या हिंदी प्रेक्षकांचा आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली आहे, म्हणून किकवर कुणी तशा खेळाचा प्रायोजक देऊ केला तर तो घेऊ नये, रक्कम कितीही असो. आणि घरात खरोखर पैशांची गरज असेल तर ठरावीक रकमेला नाही म्हणणे सोपे नसते, हे मी जाणतो. तशी वेळ असेल तर करार तीन महिन्यांचा मागावा, स्वतःच्या जुन्या चॅनेलवर आठवड्यातून दोन दिवस लाइव्ह जाण्याची सूट लिहून घ्यावी, आणि रक्कम ज्या दिवशी थांबेल त्याच दिवशी बंधनही संपेल हे वाक्य करारात आहे का ते पाहावे. नसेल तर घालून मागावे. एजन्सीने नकार दिला तर तिचा हेतू तिथेच समजेल.

हेच वाक्य मी त्या दिवाळीत मागायला हवे होते, आणि करार आणणाऱ्याने ते माझ्यासाठी मागायला हवे होते. आतेभाऊ ही साइट वाचतो. त्या कराराची एक प्रत त्याच्याकडे आहे. त्याने सातवे कलम काढावे आणि त्यात माझे बंधन कुठे सुटते ते मला दाखवावे.