माघ सरताना: आंब्याला पाणी थांबवा, मोगऱ्याला कात्री लावा

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरून प्रश्न आला आहे: दारातल्या आंब्याला मोहोर भरपूर आहे, पण तुरे काळे पडताहेत आणि पानं हाताला चिकटतात. पाणी वाढवलं तर मोहोर टिकेल का?

नाही दादा, सध्या पाणी देऊच नका. ऐन मोहोरात मुळाशी पाणी गेलं की झाड पालवीकडे वळतं आणि मोहोर गळतो. तुमचं दुखणं तुडतुड्यांचं आहे. सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. पाचरीसारखे बारीक किडे तिरके उड्या मारताना दिसतील. ते रस शोषतात आणि अंगातून चिकटा टाकतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, म्हणून तुरे काळे दिसतात. फुलं उमललेली असताना फवारणी टाळा, कारण परागीभवन माश्या-मधमाश्यांच्याच भरवशावर चालतं. फळधारणा झाली की 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. तुऱ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. तिला पाण्यात मिसळणारं गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, उन्हं उतरल्यावर.

फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी सुरू करा. मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर, दर 15 दिवसांनी, एकूण तीन-चार वेळा. बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या सावलीच्या कडेला आळं करून द्या. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद. झाड रायवळ असलं तरी एवढं कराच. हापूसचेच लाड का करायचे?

चेंबूरच्या एका ताईंच्या गॅलरीतला मोगरा नुसता पानांनी भरलाय, कळी नाही. त्या रोज दोन वेळा पाणी घालतात, तिथेच घोटाळा आहे. मोगऱ्याला थंडीत थोडा ताण हवा. आता आठवडाभर पाणी अगदी कमी करा, मग वरचा एक तृतीयांश भाग धारदार कात्रीने छाटा, वाळक्या काड्या मुळापासून काढा. कळी नव्या फुटीवरच येते, तेव्हा छाटताना हात आखडू नका. वरची दोन इंच माती मोकळी करून कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, मगच भरपूर पाणी. कुंडीला निदान चार-पाच तास ऊन हवं. सावलीच्या गॅलरीत मोगरा फुलवायचा हट्ट मी तरी धरणार नाही. पुढे कळ्या जांभळ्या पडून भोकं दिसली तर आत अळी आहे. त्या कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका.

भेंडी, गवार, काकडी आता लावली तर चालेल का, असं गोराईहून विचारलंय. चालेल, पण लगेच लावा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पूर्वेचे वारे सुटले आणि खारा वारा उशिरा आला की मुंबईत दुपारी एकदम तापतं, कोवळी रोपं माना टाकतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, पेरल्यावर वाफ्यावर भाताचा पेंढा पसरा आणि पाणी सकाळीच द्या.