आमच्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल परदेशी संशोधनात सामील होतंय. पेशंटवर प्रयोग करतील का? सही करावी का?

प्रयोग करतील. त्यालाच संशोधन म्हणतात. पण ‘परदेशी लोकांचे उंदीर’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून लिहितेय.

क्रॅश-2 चालू होतं तेव्हा मी कॅज्युअल्टीत नाइट करायचे. लंडनहून चालणारी चाचणी; 40 देश, 274 हॉस्पिटलं, 20,211 पेशंट. अपघातातला रक्तस्राव ट्रानेक्सॅमिक ॲसिड या जुन्या, स्वस्त औषधाने आटोक्यात येऊन जीव वाचतात का, एवढंच बघायचं होतं. नंबर घातलेली बंद खोकी यायची. आत औषध की नुसतं सलाईन, हे आम्हालाही कळायचं नाही. एक ग्रॅम दहा मिनिटांत, दुसरा आठ तासांत. फॉर्मवर एक रकाना होता: जखम होऊन किती तास झाले?

एका रात्री एक मोटारसायकलवाला आला, मांडीचं हाड मोडलेलं, पँट रक्ताने चिकटलेली. सोबतचा भाऊ एकच घोकत होता, “आत्ताच पडला ताई, आत्ताच.” नातेवाइकांचं नेहमी ‘आत्ताच’ असतं. सरांनी लिहिलं, 2 तास. मी त्याला घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला बाहेर गाठलं. त्याने खिशातून टोलची चुरगळलेली पावती काढली: 9:40. नाक्यानंतर दहा मिनिटांनी याला पडलेलं पाहिलं. मग दोन दवाखाने फिरले, दोन्हीकडे ‘पुढे न्या’. आमच्याकडे पोचले ते 1:05 ला. म्हणजे सव्वातीन तास.

सर म्हणाले, “सिस्टर, तास इकडे-तिकडे, काय फरक पडतो?” चारचौघांत. मी रकाना बदलून घेतलाच, पण महिनाभर माझं नाव ‘टोलनाका’ पडलं होतं.

2010 ला निकाल आला. औषध दिलेल्यांत मृत्यू 14.5 टक्के, न दिलेल्यांत 16. पुढच्या वर्षी वेळेप्रमाणे आकडे निघाले. तीन तासांच्या आत दिलं तर फायदा; त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट जास्त, 3.1 च्या जागी 4.4 टक्के. आता सांगा, काय फरक पडतो?

तो मुलगा घरी गेला. त्याला औषध मिळालं की मिठाचं पाणी, मला आजही माहीत नाही.

तुमच्या सहीचं म्हणाल तर मी केली असती. हे मात्र जुन्या, स्वस्त औषधाच्या चाचणीपुरतं. कंपनीचं नवंकोरं औषध असेल तर नुकसानभरपाईचं पान आधी वाचा. माहितीपत्रक मराठीतच मागा, एक प्रत घरी न्या, आणि नको वाटलं तर मधेच बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत.

आणि वेळ कोण लिहितंय ते बघा. डॉक्टर ‘साधारण’ म्हणाले तर सिस्टरला हाक मारा.