टोकियोत पहिल्यांदाच जॅझ ऐकायला जाताय?

छान! सुरुवात शिंजुकू भागातल्या ‘पिट इन’ या जॅझ क्लबपासून करा. १९६५ पासूनचा क्लब. दुपारचे कार्यक्रम स्वस्त आणि बरेचदा नव्या वादकांचे असतात.

नवखे हमखास गोंधळतात ते पैशांत. छोट्या बारमध्ये म्युझिक चार्ज (वादनाचे पैसे) वेगळा, पेय बहुधा वेगळं, कधी वर टेबल चार्जही (बसण्याचे पैसे). बसण्याआधीच विचारा, रोख येन जवळ ठेवा.

‘जॅझ किस्सा’ म्हणजे रेकॉर्ड ऐकायचा कॅफे. प्रत्यक्ष वादन हवं तर ‘लाइव्ह हाउस’ शोधा.

वीस खुर्च्यांच्या खोलीत ड्रमरचा झांजेवर फिरणारा ब्रशसुद्धा ऐकू येतो, म्हणून वादन चालू असताना कुजबुजही नको. सोलो (एकाच वादकाची एकट्याची फेरी) संपला की मनापासून टाळ्या वाजवा. फोटो विचारूनच.

आणि शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास असते. दुसरा सेट (मध्यंतरानंतरचा भाग) सोडू नका, पण वेळ आधीच बघून ठेवा.