मुलीच्या अभ्यासासाठी ८ हजारांत वापरलेला टॅब घ्यावा, की त्याच पैशांत नवा?

आपण लिहिले आहे की मुलगी दहावीला आहे, हाताशी ८ हजार रुपये आहेत, खरेदी सोलापुरातच करायची आहे आणि घरचे सगळे 'नवाच घ्या' म्हणत आहेत, त्यांना काय सांगावे. माझे मत स्पष्ट आहे: वापरलेला घ्या, पण चांगल्या कंपनीचा घ्या. घरच्यांना काय सांगावे याविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हा वाद आमच्या घरात अजूनही मिटलेला नाही.

मी जुळे सोलापुरात राहते आणि घरीच आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण फोनवर भूमितीचे पान दाखवायचे झाले की ते इतके मोठे करावे लागते की आकृती दिसते तेव्हा प्रश्न दिसत नाही. म्हणून मला १० इंचांच्या आसपासचा टॅब हवा होता. फीमधून बाजूला टाकलेले पैसे साधारण आपल्याइतकेच होते. आमचे धाकटे दीर पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहेत, आणि विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घ्यायची झाली की त्यांचा शब्द अखेरचा मानायची आमच्याकडे पद्धत आहे. ते म्हणाले, "वहिनी, सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची कटकट पैसे देऊन घरी आणणं. नवा घ्या, वर्षाची वॉरंटी तरी मिळेल." सासूबाईंनी मान डोलावली आणि विषय संपला असे सर्वांनी गृहीत धरले. मी धरले नाही.

नवी पेठेतल्या एका दुकानात मला एक टॅब दाखवण्यात आला. काचेवर ओरखडा नव्हता, बिल आणि खोकेही नव्हते, आणि किंमत बाजारभावापेक्षा हजार-दीड हजारांनी कमी होती. माझ्यासमोर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतले सगळे पुसून नव्यासारखा करा, असे म्हटल्यावर "मॅडम, आत्ताच केलाय, सगळं क्लीन आहे," असे उत्तर मिळाले. मी तो पुन्हा करायला लावला, आणि दुकानदार वायफायची पायरी ओलांडून पुढे जाऊ लागले तेव्हा त्यांना थांबवून माझ्या फोनचा हॉटस्पॉट जोडायला सांगितले. इंटरनेट मिळताच पडद्यावर सूचना आली की हे उपकरण एका संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे. शाळांना, शिकवणी कंपन्यांना किंवा औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना घाऊक दिलेले टॅब बऱ्याचदा मूळ मालकाच्या नावावर सर्व्हरमध्ये नोंदलेले असतात. रीसेट केल्याने ती नोंद पुसली जात नाही आणि टॅब इंटरनेटला जोडेपर्यंत ती दिसतही नाही. हप्त्यांवर घेतलेल्या काही उपकरणांचेही असेच असते; हप्ते थकले की वित्त कंपनी ती दुरूनच बंद करू शकते. "सॉफ्टवेअर मारून देतो," असे दुकानदार म्हणाले, तेव्हा मी पर्स बंद करून बाहेर पडले.

पुढे विजापूर रोडवर राहणाऱ्या आणि बदली झाल्यामुळे सामान आवरणाऱ्या एका बँक कर्मचाऱ्यांकडून मी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए७ घेतला. हे २०२० सालचे मॉडेल, पडदा १०.४ इंची, रॅम ३ जीबी, आणि नवे असताना त्याची किंमत सुमारे १८ हजार होती. मला तो मूळ बिल आणि चार्जरसह साडेसहा हजारांना मिळाला. त्यांनी माझ्यासमोर आधी स्वतःचे गूगल खाते काढले आणि मग सेटिंग्जमधून रीसेट केला. हा क्रम पाळायलाच हवा, कारण खाते तसेच ठेवून बटणे दाबून रीसेट केलेला टॅब सुरू होताना जुन्या मालकाचेच खाते किंवा त्यांच्या पडद्याचे कुलूप मागत बसतो. मग हॉटस्पॉट जोडून मी मुख्य पडद्यापर्यंत पोहोचले, टॅब फरशीवर उताणा ठेवून डुगडुगतो का ते पाहिले, कारण बॅटरी फुगली असेल तर पाठ किंवा पडद्याची कड आधी उचलली जाते, आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून २० मिनिटे व्हिडिओ चालवला, चार्ज किती उतरतो ते बघायला. ते गृहस्थ थोडे वैतागले होते. त्यांच्या पत्नींनी चहा ठेवला आणि त्यांनाच ऐकवले की गाडी घेताना तुम्ही शोरूमवाल्याला याहून जास्त छळले होते.

त्याच वर्षी दिवाळीत भावजींनी, म्हणजे याच पुण्याच्या दिरांनी, त्यांच्या मुलीसाठी जवळपास तेवढ्याच किमतीचा, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा नवा टॅब घेतला. खोक्यावर ८ जीबी रॅम लिहिली होती. प्रत्यक्षात ती ४ जीबी होती आणि उरलेली ४ साठवणुकीच्या जागेतून उसनी घेऊन आकडा फुगवला होता. त्या टॅबला अँड्रॉइडची नवी आवृत्ती कधीच मिळाली नाही, आणि वर्ग चालू असताना वहीचे ॲप उघडले की वर्ग बंद पडतो. वॉरंटी होती, पण 'हळू चालतो' हा त्यांच्या सेवा केंद्राच्या लेखी बिघाडच नव्हता. माझ्या टॅबवर शिकवणी चालू आहे हे पाहून भावजी अजूनही म्हणतात, "वहिनी, तुमचं नशीब चांगलं." नशिबाचा प्रश्न येतो कुठे? माणूस समोर होता, बिल हातात होते, कुलूप नाही याची खात्री पैसे देण्याआधी झाली होती. आपल्या घरच्यांनाही एवढेच विचारा की वॉरंटीत नेमके काय भरून मिळणार आहे.

आता मॉडेलविषयी. आज मी टॅब ए७ सुचवणार नाही, कारण तो अँड्रॉइड १२वर थांबला. त्यानंतरच्या टॅब ए८ला अँड्रॉइड १४ मिळाले आहे. त्यातला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणुकीचा मिळाला तर घासाघीस करून घ्यावा. ३२ जीबीतली बरीच जागा सिस्टिमच खाते, आणि २ जीबी रॅमचा कोणताही टॅब कोणी फुकट दिला तरी अभ्यासाला नको. अँड्रॉइड १०च्या खालचा तर बघूच नका, नवे क्रोम त्यावर चालत नाही. आयपॅडचा मोह अनेकांना होतो, पण या पैशांत बहुधा २०१८चा सहाव्या पिढीचा समोर येईल आणि त्याची मजल आयपॅडओएस १७पर्यंतच आहे. आयपॅड घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याने ॲपल खाते काढून 'फाइंड माय' ही हरवलेले उपकरण शोधायची सोय बंद केली आहे हे डोळ्यांनी पाहा, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याचे कुलूप, लागलेला आयपॅड तुमच्या हाती पडेल आणि काही उपयोगाचा उरणार नाही. कोणत्या दुकानातून घ्यावा हे मी सांगणार नाही. शक्यतो दुकानातून न घेता, बिल दाखवू शकणाऱ्या घरातून घ्यावा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सिमकार्डाचा टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजी अक्षरांत KYM, मग जागा सोडून तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल. फक्त वायफायच्या टॅबला हा क्रमांक नसतो, तिथे बिलच आधार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि अशा उन्हात गाडीत किंवा खिडकीत ठेवून चार्ज केलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून टॅब कुठे वापरला होता हे विचारायला लाजू नका. सगळे ८ हजार टॅबवरच घालू नका. कव्हर आणि काचेसाठी थोडे राखून ठेवा, पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या टॅबला परवडत नाही.

शिवाय आपण इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असाल, नॉन-क्रिमीलेअर दाखला असेल आणि मुलगी अकरावीला विज्ञान घेणार असेल, तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जेईई, नीट आणि सीईटी प्रशिक्षणात निवड झालेल्या विद्यार्थ्यांना टॅब मोफत मिळतो. तो अर्ज दहावीच्या निकालानंतर भरायचा असतो, तेव्हा दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आत्ताच जाऊन या.