नागपूरच्या झणझणीत सावजी रस्स्यात वापरतात ते जवसाचे तेल रोजच्या स्वयंपाकासाठी चांगले आहे का?

चांगले आहे, पण तळणासाठी नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. मात्र उष्णता आणि हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण लवकर होते, म्हणजे ते खवट होते, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा तेलघाण्यावरून थोडेच तेल आणून गडद बाटलीत, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावे. सावजी मसाला तर्री सुटेपर्यंत परतला जातो. त्यातून चव मिळते (आणि ती अप्रतिमच असते), परंतु ओमेगा-३ पूर्णपणे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा भाकरीसोबतच्या चटणीवर कच्चे तेल घ्यावे. तळणासाठी शेंगदाण्याचे तेल अधिक बरे, आणि तेही बेतानेच.