ॲनी अल्बर्सचे चौकोन आणि दुपदरी वीण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: विणकर-कलाकार ॲनी अल्बर्स यांनी १९२०च्या दशकात विणलेल्या, भिंतीवर टांगायच्या कापडांचे फोटो पाहिले. आयतांच्या कडा अगदी धारदार आहेत. पैठणीच्या पदरासारखी रंगागणिक वेगळी कांडी (सूत गुंडाळलेली नळी) घालून हे विणलं आहे का? आणि मोजक्या रंगांत इतक्या छटा कशा?
– वाचक, येवला

उत्तर: नाही, तंत्र वेगळं आहे. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्याच जागेपुरता फिरतो आणि हद्दीवर शेजारच्या बाण्यात अडकून परततो. त्यामुळे वेलबुट्टी, मोर, कोयरी असे वळणदार आकार साधतात. अल्बर्स यांच्या त्या काळातल्या गाजलेल्या कामांत दुपदरी किंवा तिपदरी वीण आहे (इथे पदर म्हणजे कापडाचा थर). एकाच मागावर एकावर एक दोन किंवा तीन कापडं एकदम विणली जातात आणि ठरावीक रेषेवर खालचं कापड वर, वरचं खाली जातं. बाणा मात्र काठापासून काठापर्यंत सलग. दुपदरी कापड उलटं केलं की तीच आकृती उलट्या रंगात दिसते.

छटांचं गणित असं. काळा आणि पांढरा असे दोन ताणे (उभे धागे), दोन बाणे घ्या. वरच्या पदरात काळ्यावर काळा आला तर गडद काळा, पांढऱ्यावर पांढरा आला तर स्वच्छ पांढरा, आणि काळ्या ताण्यात पांढरा बाणा किंवा उलट घातला तर करडा. तीन रंगांच्या तिपदरी विणीत तीन शुद्ध रंग आणि तीन मिश्रणं मिळतात. अमेरिकेत हार्वर्डच्या बुश-राइसिंगर संग्रहालयात त्यांचं १९२६चं रेशमी तिपदरी कापड आहे. ते पाहताना हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. तिथली भूमिती कागदावर काढून मग कापडात भरलेली नाही. आडव्या-उभ्या धाग्यांना सहज जमतं तेच तिथे आहे, म्हणून तिथे एकही वर्तुळ नाही.

प्रश्न: माझ्याकडे चार वह्यांचा (ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटींचा) टेबल-माग आहे. दोन रंगांत असा नमुना विणता येईल का? सूत किती लागेल?
– वाचक, इचलकरंजी

उत्तर: येईल. प्रत्येक वही स्वतंत्रपणे उचलता येते ना, एवढं आधी पाहा. एक वही वर गेली की जोडीची खाली येते अशा मागावर एक वर आणि तीन खाली ही स्थिती नीट मिळत नाही.

१२ इंच पन्ह्यासाठी १० नंबरचं दुपदरी (दोन धागे एकत्र पिळलेलं) सुती सूत घ्या. १०० ग्रॅमला साधारण ८५० मीटर भरतं. साध्या विणीला हे सूत इंचाला २४ धागे मागतं. इथे पदर दोन, म्हणून इंचाला ४८. एकूण ५७६ धागे: २८८ काळे, २८८ पांढरे. ताणा २ मीटरचा धरा. बाण्यासकट आणि तुटफुटीसकट प्रत्येक रंगाचं १२० ग्रॅम सूत पुरतं. इंचाला १२ घरांची फणी (ताण्याचे धागे ठरावीक अंतरावर ठेवणारा कंगवा) असेल तर एका घरात चार धागे, दोन काळे आणि दोन पांढरे.

वह्यांत धागे १-२-३-४ अशा क्रमाने भरा: १ आणि ३ वर काळे, २ आणि ४ वर पांढरे. आधी सलग काळा पदर वर ठेवून दोन इंच विणा. खाली ‘वर’ म्हणजे ती वही उचलायची; धोटा म्हणजे बाणा आरपार नेणारं साधन. काळा धोटा: वही १ वर. काळा धोटा: वही ३ वर. पांढरा धोटा: १, ३ आणि २ वर. पांढरा धोटा: १, ३ आणि ४ वर. अदलाबदल करायची असेल तर पांढऱ्यासाठी २, मग ४ आणि काळ्यासाठी २, ४, १, मग २, ४, ३.

एवढ्याने फक्त आडवे पट्टे येतील, कारण पदर पूर्ण रुंदीत बदलतो. स्वतंत्र चौकोन हवे असतील तर आठ वह्या लागतात आणि त्यातही फक्त दोन गट स्वतंत्रपणे चालतात. चार वह्यांवर हाताने धागे वेचावे लागतात. २ आणि ४ उचला. जिथे पांढरं वर हवं तेवढेच पांढरे धागे चपट्या पट्टीवर घ्या. वह्या खाली सोडा, पट्टी फणीपुढे राहू द्या. आता वही १ उचलून काळा बाणा टाका, पट्टी काढा, मग ठोका. तेच धागे पुन्हा वेचून वही ३ वर दुसरा काळा बाणा. त्यानंतर १ आणि ३ उचलून उरलेल्या जागेतले काळे धागे वेचा आणि वही २ वर, मग तसंच पुन्हा वेचून ४ वर पांढरा बाणा टाका. काम संथ आहे. एका ओळीला चार वेळा वेचावं लागतं. म्हणून पहिला नमुना मोठ्या चौकोनांचाच घ्या.

प्रश्न: दुपदरी विणून पाहिलं, पण दोन्ही पदर मधेच एकमेकांना चिकटले आणि चौकोन उभट झाले. चूक कुठे?
– वाचक, पुणे

उत्तर: पदर चिकटणं बहुतेक वेळा वेचण्यातल्या गफलतीने होतं. काळ्याच्या वेळी वेचलेली जागा आणि पांढऱ्याच्या वेळी वेचलेली जागा एकमेकांना पूरक हव्यात. हद्दीवरचा एक धागा दोन्हीकडे घेतला किंवा दोन्हीकडे सुटला की तिथे टाका पडतो. दर इंचाला दोन पदरांच्या मधून पातळ पट्टी सरकवून पाहा. अडली तर लगेच उसवा, पुढे गेल्यावर उपाय नाही. लोकरीचं केसाळ सूतही अडकतं, त्यापेक्षा पीळदार सुती बरं.

उभट चौकोनाचं कारण हलका ठोका. प्रत्येक पदरात इंचाला २४ बाणे बसले तरच चौकोन चौकोन राहतो. शिवाय मागावर ताणलेलं कापड मोजू नका. नमुना सैल करून, धुऊन, वाळवून मग मोजा. बाणा खेचून टाकला तर पन्हा आवळतो आणि काठाचे धागे तुटतात. तो तिरका टाकून मगच ठोका. काळं सूत आधी धुऊन रंग सुटत नाही याची खात्री करा, नाहीतर पांढरा पदर करडा होईल.

प्रश्न: संग्रहालयांत अल्बर्स यांच्या काही कापडांवर दोन सालं लिहिलेली असतात. असं का?
– वाचक, मुंबई

उत्तर: मूळ कापडं हरवली. ॲनी १९२२मध्ये जर्मनीतल्या बाऊहाउस या कलाशाळेत आल्या आणि १९३३मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेल्या. त्यानंतर १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या जुन्या बाऊहाउस सहकारी गुंटा स्ट्योल्झल यांनी काही नमुने पुन्हा विणले. अशा कापडावर पहिलं साल नमुन्याचं, दुसरं पुन्हा विणल्याचं. दोन्ही छापायलाच हवीत. ज्या हातांनी ते दुसऱ्यांदा विणलं ते हातही मागावर मुरलेले होते.

प्रश्न: त्यांनी कापडात सेलोफेन विणलं होतं म्हणे?
– वाचक, नाशिक

उत्तर: हो. जर्मनीतल्या बेर्नाऊच्या कामगार संघटनांच्या शाळेतल्या सभागृहाच्या भिंतीसाठी. पुढच्या बाजूला उजेड परतवणारं सेलोफेन आणि मागच्या बाजूला आवाज शोषणारी मऊ, लव असलेली शेनील दोरी. याच कामावर त्यांना १९३०मध्ये बाऊहाउसची पदविका मिळाली. घरी करून पाहायचं असेल तर सेलोफेनची पट्टी बाण्यातच घाला. ताण्यात घातली तर ती फणीला घासून चिरते.