2 टक्के दिले, पण कशाचे?

प्रश्न: कोल्हापूरजवळ आमची फौंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. भागधारक तिघंच: मी, थोरले बंधू आणि आई. 19 वर्षं सोबत असलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरना गेल्या खंडेनवमीला मी लेटरहेडवर लिहून दिलं, 'आपणास कंपनीत 2 टक्के हिस्सा देण्यात येत आहे.' आता ते शेअर सर्टिफिकेट मागतात. बंधू म्हणतात, शेअर घराबाहेर जाणार नाही. सीएंनी ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीत पुढं शेअर घ्यायचा हक्क (ऑप्शन) देणारी योजना, सुचवलं आहे. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या निवृत्त मेटलर्जिस्टनाही (धातुतज्ज्ञ) काही द्यायचं मनात आहे. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रानं मॅनेजर भागधारक झालेले नाहीत. नवे शेअर द्यायला भागधारकांचा ठराव लागतो, एका संचालकाची सही पुरत नाही. पण म्हणून ते पत्र रद्दी समजू नका. उद्या दावा लागला तर पहिली निशाणी तेच असेल. 2 टक्के शेअर्सचे, नफ्याचे की कंपनीच्या किमतीचे, हे त्यात कुठंच नाही, आणि मोघम मजकुराचा फटका बहुधा लिहिणाऱ्यालाच बसतो.

ईसॉपमधून शेवटी शेअरच निघतो, म्हणजे बंधूंची हरकत जिथल्या तिथं. ऑप्शन दिल्यापासून किमान 1 वर्ष थांबायचं, आणि शेअर घेताना त्याची वाजवी किंमत व भरलेली रक्कम यांतला फरक पगारात धरून त्यावर कर. हातात पैसा नाही, शेअरला गिऱ्हाईक नाही, कर मात्र भरा! तो पुढं ढकलायची सोय ठरावीक स्टार्टअपना आहे, तुमच्या जुन्या फौंड्रीला नाही. स्वेट इक्विटीतही, म्हणजे कामाच्या मोबदल्यात सवलतीत दिलेल्या शेअरमध्येही, कराचं तेच, शिवाय 3 वर्षं शेअर विकता येत नाही.

बंधूंना आडमुठे म्हणू नका. अन्याय व गैरकारभाराची तक्रार घेऊन कंपनी न्यायाधिकरणात जायला 10 टक्के शेअर हवेत, असा सर्वसाधारण समज आहे. कंपनी कायद्याचं कलम 244 दुसरा रस्ताही ठेवतं: एकूण सभासदांपैकी, म्हणजे भागधारकांपैकी, एक दशांश. तुम्ही तिघं, शेअर दिला तर मॅनेजर चौथे, म्हणजे एक दशांशाहून जास्त. 2 टक्के असूनही ते एकटे जाऊ शकतील.

माझा सल्ला फँटम शेअरचा. शेअर कागदोपत्रीच मोजायचे, आणि निवृत्ती, मृत्यू किंवा कंपनीची विक्री यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तेवढी किंमत रोख द्यायची. मताधिकार नाही, सभासदत्व नाही. बिगर-सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) कंपनीसाठी कंपनी कायद्यात याचं वेगळं कलम नाही, म्हणून सगळा भार करारावर.

करारात खरी मारामारी किमतीच्या सूत्रावर होते. नुसतं ताळेबंदातलं नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) धरलं तर एमआयडीसीतला प्लॉट जुन्याच किमतीला दिसतो. तो धरायचा की नाही, हे आजच लिहा. दुसरं, पूर्ण किंमत की फक्त वाढ? समजा आज किंमत 12 कोटी, निवृत्तीवेळी 20 कोटी. पूर्ण किमतीवर 2 टक्के म्हणजे 40 लाख, वाढीवर 16 लाख. नव्या माणसाला मी वाढच देईन. मॅनेजरना मात्र पूर्ण किंमत द्या. पत्रात 'वाढीवर' असं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि आता ते घुसडलं तर 19 वर्षांचा माणूस दुखावेल.

मध्येच राजीनामा दिला किंवा अफरातफर निघाली तर काय, हेही स्पष्ट हवं. रक्कम हप्त्यांत ठेवा आणि ग्रॅच्युइटीसारखी दरवर्षी हिशेबात तरतूद करा. हे पैसे मिळतील तेव्हा पगार म्हणूनच करपात्र होतील. मॅनेजरांच्या बाजूनं धोका एकच, पण मोठा: कंपनी बुडाली तर हातात फक्त एक विनातारण येणं उरतं. हे त्यांना आधीच सांगा.

मेटलर्जिस्ट नोकरीत नाहीत, त्यामुळे ईसॉप आणि स्वेट इक्विटी दोन्ही त्यांना बंद. फँटमचा करार होऊ शकतो, पण वेगळा, आणि पैसे व्यावसायिक फी म्हणून.

आधी संचालक मंडळाचा ठराव करा, इतिवृत्तावर बंधूंची सही घ्या. मग योग्य मुद्रांकावर करार, त्यात खंडेनवमीचं पत्र या करारानं रद्द झालं असं वाक्य आणि मूळ पत्र परत. सहीआधी मॅनेजरना मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवू द्या, म्हणजे पुढं 'मला कळलंच नव्हतं' म्हणायला जागा राहणार नाही.